स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर रेडमाइन बसवताना

कामांची यादी एकाच्या मेलमध्ये, मुदती दुसऱ्याच्या डोक्यात, आणि ‘हे नक्की कोण करतंय?’ हा प्रश्न रोजचाच. टीम थोडी वाढली की प्रकल्प व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लागतंच. दर माणशी दर महिना पैसे घेणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत. पण डेटा आपल्याच ताब्यात हवा असेल आणि सर्व्हर सांभाळायची थोडी तयारी असेल, तर स्वतः बसवलेलं मुक्त सॉफ्टवेअर हा चांगला मार्ग आहे. या लेखात रेडमाइन बसवू.

आधी एक सूचना. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायची, रेडमाइनच्या अधिकृत इन्स्टॉलेशन पानाची खिडकी शेजारी उघडी ठेवून. नेमकं स्पेलिंग तिथे मिळेल. कुठलं पाऊल का उचलायचं आणि अडलं तर कुठे बघायचं, ते इथे.

बहुतेक नवशिके अडतात ते एका सवयीमुळे. दहा-बारा कमांड ओळीने चिकटवायच्या, शेवटी ब्राउझर उघडायचा, आणि पांढरं पान दिसलं की कुठे बिघडलं ते शोधत बसायचं. डेटाबेस, ॲप, वेब सर्व्हर आणि एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र असे हे एकावर एक चढलेले थर आहेत. एक थर बसवा, तो एकटा चालतो हे डोळ्यांनी बघा, मगच पुढच्याला हात घाला. वेळ थोडा जास्त जातो, पण चूक सापडायला सोपी जाते.

रेडमाइनच का, आणि कशावर

रेडमाइन ज्याँ-फिलिप लाँग यांनी २००६ मध्ये सुरू केलं. ते रुबी ऑन रेल्सवर लिहिलेलं आहे आणि त्याचा परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती. रूप जरा जुनाट आहे, हे मान्यच करावं लागेल. पण कामांची नोंद, गँट आलेख, विकी, वेळेचा हिशेब, फाइली हे सगळं मूळ पॅकेजमध्येच आहे आणि कमी ताकदीच्या सर्व्हरवरही चालतं. २०११ मध्ये रेडमाइनमधून चिलीप्रोजेक्ट वेगळं झालं आणि त्यातून पुढे ओपनप्रोजेक्ट आलं. ते दिसायला देखणं आहे, पण त्याला ४ जीबी मेमरी तरी द्यावी लागते. नुसता कार्डांचा फलक हवा असेल, तर पीएचपीवर चालणारा कानबोर्ड पुरेल. तो बसवणं यापेक्षा बरंच सोपं आहे.

रेडमाइनसाठी २ जीबी मेमरी, एक-दोन कोअर आणि २० जीबी डिस्कचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) छोट्या टीमला पुरतो. १ जीबीवरही चालेल, पण आधी स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा. जेम (रुबीची तयार पॅकेजेस) बांधले जात असताना मेमरी संपली की लिनक्स ती प्रक्रिया मारून टाकतो आणि पडद्यावर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द उरतो. रूट अधिकार (सर्व्हरवरचे संपूर्ण अधिकार) नसलेलं शेअर्ड होस्टिंग या कामाला घेऊ नका.

आवृत्त्यांची जुळणी सर्व्हर घेण्याआधीच बघून ठेवा. हा लेख रेडमाइन ६.० मालिका धरून आहे. तिला रुबी ३.१ ते ३.३ लागते. उबुंटू २४.०४ मध्ये रुबी ३.२ येते आणि डेबियन १२ मध्ये ३.१, म्हणजे दोन्ही चालतील. उबुंटू २२.०४ वर मात्र ३.० आहे, म्हणजे तिथे रुबी वेगळी बसवण्याची जादा खटपट आली. तुम्ही दुसरी मालिका घेणार असाल, तर अधिकृत पानावरचा सुसंगततेचा तक्ता बघून मगच ऑपरेटिंग सिस्टिम ठरवा.

सर्व्हरचा आयपी पत्ता हातात आला की लगेच डोमेनचं ए रेकॉर्ड त्याच्याकडे वळवा. तो बदल सगळीकडे पोचायला वेळ लागू शकतो. तोवर बाकीचं काम होईल.

दार आधी नीट लावा

रूटने लॉग इन केल्यावर पहिल्यांदा एक साधा वापरकर्ता तयार करा, त्याला सुडोचा (गरजेपुरता रूट म्हणून कमांड चालवण्याचा) अधिकार द्या आणि त्याच्यासाठी एसएसएच की बसवा. पासवर्डने होणारं लॉगिन त्यानंतर बंद करायचं, पण चालू टर्मिनल बंद न करता. दुसऱ्या खिडकीतून नव्या वापरकर्त्याने आत येता येतं का ते बघा. येता आलं, तरच पहिली खिडकी मिटा.

फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू सोपा आहे. क्रम मात्र चुकवू नका: आधी ‘यूएफडब्ल्यू अलाव ओपनएसएसएच’, मग ८० आणि ४४३ पोर्ट, आणि सगळ्यात शेवटी ‘यूएफडब्ल्यू एनेबल’. उलटं केलंत तर स्वतःच बाहेर राहाल आणि होस्टिंग कंपनीच्या आपत्कालीन कन्सोलची वाट धरावी लागेल. डेटाबेसचं ५४३२ आणि ॲपचं ३००० ही पोर्ट उघडू नका. ती सर्व्हरच्या आतल्या आतच वापरायची आहेत.

मग ‘एपीटी अपडेट’, ‘एपीटी अपग्रेड’, आणि पॅकेजेस: रुबी आणि तिचं डेव्ह पॅकेज, बंडलर (जेम आणून बसवणारं साधन), बिल्ड-इसेन्शियल, पोस्टग्रेएसक्यूएल, लिबपीक्यू-डेव्ह, लिबयाम्ल-डेव्ह, इमेजमॅजिक आणि एनजिनएक्स. शेवटी ‘डेव्ह’ असलेली पॅकेजेस निरुपयोगी वाटतात, पण काही जेम तुमच्या सर्व्हरवरच सी भाषेतून बांधले जातात आणि त्यांना हेडर फाइली लागतात. पुढे ‘याम्ल डॉट एच सापडत नाही’ असा संदेश आला, तर लिबयाम्ल-डेव्ह राहून गेलं असं समजा.

डेटाबेस

रेडमाइन मायएसक्यूएलवरही चालतं. नव्याने सुरुवात करत असाल तर माझा कल पोस्टग्रेएसक्यूएलकडे आहे; अक्षरसंचाच्या कटकटी तिथे कमी. ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ करून आत जा, लॉगिनचा अधिकार आणि मजबूत पासवर्ड असलेला ‘रेडमाइन’ नावाचा रोल करा, आणि त्याच्या मालकीचा, यूटीएफ-८ एन्कोडिंगचा डेटाबेस तयार करा. पासवर्ड अक्षरं आणि आकड्यांचा, पण लांब ठेवा. चिन्हं घातली तर पुढे याम्ल फाइलीत (सेटिंग लिहिण्याची साधी मजकूर फाइल, शेवटी ‘वायएमएल’ असलेली) अवतरणचिन्हांचा घोळ होतो.

आता तपासणी. नव्या रोलने डेटाबेसमध्ये शिरून बघा, पण होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ स्पष्ट लिहून. होस्ट न लिहिता प्रयत्न केलात, तर ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ येईल आणि पासवर्ड चुकला असं वाटेल. तो चुकलेला नसतो. होस्ट नसताना पोस्टग्रेएसक्यूएल सॉकेटमधून जोडतो आणि लिनक्सच्या वापरकर्त्याचं नाव रोलच्या नावाशी जुळतं का एवढंच बघतो. होस्ट दिला की पासवर्ड विचारतो. आत शिरता आलं, म्हणजे पहिला थर पक्का.

ॲप

रेडमाइनसाठी लिनक्सवर स्वतंत्र वापरकर्ता करा, सुडो अधिकार न देता. उद्या ॲपमध्ये एखादी फट निघाली तरी नुकसान त्याच्या फोल्डरपुरतं राहावं, यासाठी. अधिकृत संकेतस्थळावरून टार फाइल उतरवा, तिथे दिलेल्या शा-२५६ बेरजेशी ताडून बघा, ‘ऑप्ट’ फोल्डरात उलगडा आणि मालकी या वापरकर्त्याला द्या. फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा राहू द्या आणि ‘करंट’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) त्याच्याकडे करा. नवी आवृत्ती आणताना ही छोटी सोय फार कामी येते.

यापुढची कामं या नव्या वापरकर्त्याच्या नावानेच करायची. रूटने केलीत तर मधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि ॲपला त्यांत लिहिता येत नाही.

कॉन्फिग फोल्डरातल्या नमुना फाइलीवरून ‘डेटाबेस डॉट वायएमएल’ बनवा. त्यात प्रॉडक्शनचा भाग तेवढा भरायचा: अडॅप्टर पोस्टग्रेएसक्यूएल, डेटाबेसचं नाव, होस्ट लोकलहोस्ट, रोल आणि पासवर्ड. बाकीचे भाग काढून टाका. याम्लमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी परवानगी ठेवा.

ही फाइल जेम बसवण्याच्या आधी का, असं वाटेल. रेडमाइनची जेमफाइल याच फाइलीतलं अडॅप्टर वाचते आणि डेटाबेसशी बोलणारा कुठला जेम आणायचा ते ठरवते. फाइल नसेल तर तो जेम येतच नाही. पुढे कधी अडॅप्टर बदललंत तर ‘बंडल इन्स्टॉल’ पुन्हा चालवावं लागतं, तेही याचमुळे.

मग बंडलरला सांगा की डेव्हलपमेंट आणि टेस्ट हे गट वगळ आणि जेम याच फोल्डरातल्या ‘व्हेंडर/बंडल’मध्ये ठेव. दोन्ही ‘बंडल कॉन्फिग सेट --लोकल’ने होतं. त्यानंतर ‘बंडल इन्स्टॉल’. हे चालायला काही मिनिटं लागतात. मध्येच लाल अक्षरांचा पूर आला, तर शेवटची ओळ वाचून घाबरू नका. वर सरका आणि पहिली चूक शोधा. खालच्या बहुतेक तिच्यातूनच आलेल्या असतात.

आपण ॲप सर्व्हर म्हणून पुमा वापरू. तो बसला आहे का हे ‘बंडल इन्फो पुमा’ने कळेल. नसेल तर ‘जेमफाइल डॉट लोकल’ नावाची फाइल करा, तीत पुमाची एक ओळ लिहा आणि ‘बंडल इन्स्टॉल’ पुन्हा चालवा. मूळ जेमफाइलमध्ये कुठल्या गटात पुमाला आवृत्तीची अट लावलेली दिसली, तर तीच अट जशीच्या तशी इथेही घ्या. एकाच जेमला दोन वेगळ्या अटी दिसल्या की बंडलर अडून बसतो.

आता रेक या रुबीच्या साधनाने चालवायची तीन कामं, याच क्रमाने. ‘जनरेट सिक्रेट टोकन’ सत्रांच्या कुकीसाठी गुप्त किल्ली बनवतं. ‘डीबी मायग्रेट’ डेटाबेसात तक्ते उभे करतं. त्याच्या आधी ‘रेल्स एन्व्ह’ हा चल ‘प्रॉडक्शन’ असा द्यायला विसरू नका. तिसरं ‘रेडमाइन लोड डीफॉल्ट डेटा’, तेही प्रॉडक्शनमध्येच. यातून भूमिका, ट्रॅकर (कामांचे प्रकार), कामाच्या अवस्था आणि प्राधान्यक्रम येतात. हे वगळलंत तर रेडमाइन उघडेल, पण ट्रॅकरच नसल्यामुळे एकही काम नोंदवता येणार नाही. राहून गेलं असेल तर घाबरू नका. ॲडमिनिस्ट्रेशनच्या पानावर हाच डेटा भरण्याचं बटण दिसतं.

तपासणीसाठी ‘बंडल एक्झेक पुमा’ प्रॉडक्शनमध्ये, १२७.०.०.१ च्या ३००० पोर्टवर सुरू करा. फायरवॉलमध्ये ३००० पोर्ट बंद आहे, मग ब्राउझरमध्ये कसं दिसणार? आपल्या संगणकावरून एसएसएचचा बोगदा काढा: ‘एसएसएच -एल’ वापरून आपलं ३००० पोर्ट सर्व्हरच्या लोकलहोस्टवरच्या ३००० ला जोडा. मग स्वतःच्याच ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ३००० पोर्ट उघडा. रेडमाइनचं पान दिसायला हवं. ५०० ची चूक आली तर ‘लॉग’ फोल्डरातली ‘प्रॉडक्शन डॉट लॉग’ वाचा. कारण तिथे लिहिलेलं असतं.

आणि इथेच, जग आत येण्याआधी, लॉग इन करा. पहिलं नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, हे सगळ्यांनाच माहीत आहे. लॉग इन होताच रेडमाइन तो बदलायला लावतं. पुष्कळ मार्गदर्शकांमध्ये हे पाऊल सगळ्यात शेवटी येतं. तसं केलं तर साइट उघड्यावर आल्यापासून तुम्ही लॉग इन करेपर्यंत ते दार कुणालाही उघडता येतं.

त्याच बैठकीत ॲडमिनिस्ट्रेशनच्या सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी करून टाका. ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ चालू करा. स्वतःहून नोंदणी करण्याची सोय बंद करा. आणि प्रकल्पांच्या टॅबवर ‘नवे प्रकल्प सार्वजनिक’ ही खूण काढा. मूळ सेटिंगमध्ये लॉगिनची सक्ती नसते आणि नवा प्रकल्प सार्वजनिक असतो, कारण रेडमाइन मुक्त सॉफ्टवेअरच्या खुल्या प्रकल्पांसाठीही वापरलं जातं. तुमची अंतर्गत कामं अशीच राहिली, तर शोधयंत्रांनाही वाचता येतील.

सेवा आणि वेब सर्व्हर

टर्मिनल बंद केलं की पुमा थांबतो. म्हणून सिस्टिमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू ठेवणारी यंत्रणा) छोटी सेवा लिहा: वापरकर्ता रेडमाइन, काम करण्याचं फोल्डर ‘करंट’, चल ‘रेल्स एन्व्ह’ प्रॉडक्शन, सुरू करण्याची कमांड मघाचीच, आणि कोसळल्यास पुन्हा सुरू व्हायची सूचना. कमांडमध्ये बंडलचा पूर्ण पत्ता द्या; तो ‘विच बंडल’ने कळतो. मग ‘डेमन-रीलोड’ आणि ‘एनेबल --नाऊ’. आता सर्व्हर एकदा रीबूट करून बघा. बोगद्यातून पान आपोआप उघडलं, तर हाही थर झाला. नाही उघडलं, तर ‘जर्नलसीटीएल -यू रेडमाइन’ वाचा.

एनजिनएक्सचं काम सरळ आहे: बाहेरून आलेली विनंती ३००० वर पोचवायची. साइटच्या फाइलीत डोमेनचं नाव, ‘प्रॉक्सी पास’, आणि होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर व एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो ही हेडर लिहा. शेवटचं विसरलात तर पुढे एचटीटीपीएस आल्यावरही रेडमाइनला आपण साध्या एचटीटीपीवर आहोत असंच वाटत राहतं. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’सुद्धा आत्ताच वाढवा. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी असते आणि जोडपत्रासाठी रेडमाइनची स्वतःची ५ एमबी. त्यामुळे कुणी ३ एमबीचं चित्र चढवायला गेलं की ४१३ ची चूक येते, आणि तुम्ही रेडमाइनच्या सेटिंग्ज धुंडाळत बसता, जिथे सगळं ठीकच दिसतं. दोन्ही मर्यादा आपल्या गरजेप्रमाणे ठेवा, एनजिनएक्सची थोडी जास्त.

बदल केला की आधी ‘एनजिनएक्स -टी’, मग रीलोड. ५०२ दिसलं तर एनजिनएक्स चालू आहे, पण मागचा पुमा उत्तर देत नाही.

डोमेनवर पान दिसू लागलं की सर्टबॉट आणि त्याचा एनजिनएक्स प्लगइन बसवा आणि लेट्स एनक्रिप्टचं प्रमाणपत्र घ्या. ८० पोर्ट उघडंच राहू द्या, कारण नेहमीच्या पद्धतीत डोमेनची पडताळणी तिथूनच होते. नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, ते हाताने बदलत बसायचं नाही. ‘सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन’ चालवून नूतनीकरण आपोआप होईल याची खात्री करून घ्या.

मेल

मेल गेले नाहीत तर टीम आठवड्याभरात रेडमाइन उघडणं सोडून देते, हे अनुभवाचे बोल. ‘कॉन्फिगरेशन डॉट वायएमएल’ ही फाइलसुद्धा नमुन्यावरून बनवायची आणि तीत एसएमटीपीचा पत्ता, पोर्ट, नाव आणि पासवर्ड भरायचा. स्वतःचा मेल सर्व्हर उभारायच्या फंदात पडू नका. पुष्कळ क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं २५ पोर्ट बंद ठेवतात, आणि मेल गेलाच तरी स्पॅममध्ये पडतो. एखाद्या मेल सेवेचं ५८७ पोर्ट वापरा. फाइल बदलल्यावर सेवा रीस्टार्ट करा, मग ईमेल सूचनांच्या टॅबवरून चाचणी मेल पाठवा.

मेल येतो, पण आतल्या दुव्यावर टिचकी मारली की लोकलहोस्ट उघडतं? सर्वसाधारण टॅबवर होस्टचं नाव आणि प्रोटोकॉल भरायचं राहिलं. मेलमधले दुवे तिथूनच बनतात.

बॅकअप

इथे घाई करू नका. रेडमाइनचा डेटा दोन जागी असतो. कामं, टिपणं, विकी डेटाबेसात, आणि चढवलेल्या फाइली ‘फाइल्स’ फोल्डरात. जोडपत्राचं नाव डेटाबेसात आणि मजकूर डिस्कवर, अशी वाटणी आहे. नुसता ‘पीजी डंप’ (डेटाबेसची प्रत) ठेवलात तर परत आणलेल्या रेडमाइनमध्ये प्रत्येक जोडपत्राचं नाव दिसेल, पण उघडणार एकही नाही. म्हणून रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) तीन गोष्टी घ्या: पीजी डंप, फाइल्स फोल्डर, आणि कॉन्फिग फोल्डरातल्या तुमच्या हाताने भरलेल्या फाइली. त्यांसोबत रेडमाइनची नेमकी आवृत्ती लिहिलेली एक ओळ. हे सगळं दुसऱ्या यंत्रावर पाठवा. त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप डिस्कबरोबरच जातो.

मग एखाद्या चाचणी यंत्रावर तो परत उभा करून बघा आणि एखादं जुनं जोडपत्र उघडा. ते उघडलं तरच बॅकअप आहे असं म्हणायचं.

नवी आवृत्ती आणि प्लगइन

सुरक्षेच्या सुधारणा असलेली आवृत्ती आली की लांबणीवर टाकू नका. बॅकअप घ्या, नवी टार फाइल वेगळ्या फोल्डरात उलगडा, जुन्यातून दोन्ही वायएमएल फाइली, जेमफाइल डॉट लोकल आणि फाइल्स फोल्डर आणा, ‘बंडल इन्स्टॉल’, गुप्त टोकन, मायग्रेट, आणि शेवटी सिमलिंक वळवून सेवा रीस्टार्ट. नवं टोकन बनवल्यामुळे सगळ्यांना पुन्हा लॉग इन करावं लागेल. आधी सांगून ठेवा, नाहीतर फोन येतील. काही बिघडलं तर सिमलिंक जुन्याकडे वळवता येते, पण मायग्रेट झाल्यावर डेटाबेसही बॅकअपमधून परत आणावा लागतो. नुसता दुवा फिरवून भागत नाही.

प्लगइन सुरुवातीला एकही नको. मूळ रेडमाइनमध्ये टीम रुळू द्या. अर्ध्याअधिक मागण्या भूमिका, कस्टम फील्ड आणि साठवलेल्या क्वेरी यांनीच भागतात. त्यानंतरही हवाच असेल, तर तो तुमच्या मालिकेवर चालतो का आणि त्याची शेवटची सुधारणा कधीची आहे, हे आधी बघा. वर्षानुवर्षं हात न लागलेला प्लगइन पुढच्या अपग्रेडला तुम्हाला जुन्या आवृत्तीतच अडकवून ठेवतो.